व्हॉल्व्ह बसला, आता ठोक्यांचं कोण बघणार?

टावी म्हणजे छाती न उघडता नळीवाटे हृदयाची झडप (व्हॉल्व्ह) बसवणं. टावी झालेल्या माणसाची गोष्ट हल्ली सगळीकडे एकाच पद्धतीने सांगतात. छाती उघडली नाही, मांडीतून नळी घालून झडप बसवली, पूर्ण भूलसुद्धा द्यावी लागली नाही, संध्याकाळी उठून बसले, दुसऱ्या दिवशी घरी. हे सगळं खरं आहे आणि कौतुकाचंच आहे. पण ही गोष्ट घरी पोचल्यावर संपवतात ना, तिथे माझा आक्षेप आहे. कारण या प्रोसिजरनंतर हृदयाच्या ठोक्यांचे जे प्रॉब्लेम होतात त्यातले काही टेबलावरच होतात, काही पहिल्या रात्री होतात, आणि काही नेमके तेव्हा होतात जेव्हा पेशंट घरी असतो, अंगाला एकही वायर नसते आणि घरातले सगळे निवांत झालेले असतात. मला असं ठामपणे वाटतं की टावीनंतरचा पहिला महिना हा प्रोसिजरचाच भाग धरला पाहिजे, आणि त्या महिन्यात ठोक्यांवर लक्ष ठेवायची जबाबदारी हॉस्पिटलची असली पाहिजे. ती आज बऱ्याचदा ऐंशी वर्षांच्या माणसावर आणि त्याच्या घरच्यांवर ढकलली जाते, तीही त्यांना न सांगता.

टावीच्या विरोधात मी नाही हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं सगळं उलट्या अर्थाने वाचलं जाईल. महाधमनीची झडप कॅल्शियम साठून कडक झाली की हृदयाला प्रत्येक ठोक्याला बारीक फटीतून रक्त ढकलावं लागतं, मग धाप लागते, चक्कर येते, छातीत दुखतं, आणि त्रास सुरू झाल्यावर उपचार नाही केले तर फार वर्षं हातात राहत नाहीत. अॅलन क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ ला फ्रान्समधल्या रूआं शहरात पहिल्यांदा माणसात नळीवाटे ही झडप बसवली तेव्हा बऱ्याच जणांना तो वेडेपणा वाटला होता. २०१० मध्ये पार्टनर ट्रायलचे पहिले निकाल आले, ते अशा रुग्णांचे ज्यांचं ऑपरेशन करायला सर्जन तयार नव्हते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ५०.७ टक्के लोक वर्षभरात गेले, टावी झालेल्यांपैकी ३०.७ टक्के. वर्षाच्या शेवटी शंभरामागे वीस माणसं जास्त जिवंत होती, इतका फरक हृदयरोगातल्या फार कमी उपचारांनी दाखवलाय. तेव्हा टावी हवी की नको हा प्रश्न केव्हाच मिटलाय.

प्रश्न आता वेगळा आहे. त्या पहिल्या रुग्णांसाठी पेसमेकर (हृदयाला ठोके देणारं, छातीत बसवायचं छोटं यंत्र) लागणं ही खरंच किरकोळ गोष्ट होती, जीव वाचला होता. पण त्यानंतर टावी ऑपरेशनचा धोका मध्यम असलेल्या लोकांपर्यंत आली, २०१९ मध्ये कमी धोक्याच्या लोकांपर्यंत आली, आणि २०२४ मध्ये तर अर्ली टावर नावाच्या ट्रायलमध्ये ९०१ अशा लोकांचा अभ्यास झाला ज्यांची झडप खूप अरुंद होती पण काहीच त्रास होत नव्हता. म्हणजे ज्याला धाप नाही, चक्कर नाही, जो रोज फिरायला जातो, अशा माणसालाही आपण आता झडप बसवायचा विचार करतोय. त्याच्या हृदयातली वायरिंग दुखावली तर ती किरकोळ गोष्ट राहत नाही. रुग्ण बदलले, पण दुष्परिणामांकडे बघायची नजर २०१० चीच राहिली, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

आता ही वायरिंग का दुखावते ते नीट समजून घेऊ, कारण हे कळलं नाही तर पुढची सगळी चर्चा हवेत जाते. हृदयाचा ठोका वरच्या कप्प्यात तयार होतो, तिथून तो एव्ही नोड नावाच्या गाठीत येतो, थोडा थांबतो, मग हिस बंडल नावाच्या बारीक दोरीतून खाली उतरतो आणि डावी-उजवी अशा दोन फांद्यांमधून खालच्या कप्प्यांमध्ये पसरतो. ही दोरी विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये दाखवली आणि सुनाओ तावारा यांनी १९०६ मध्ये गाठीपासून फांद्यांपर्यंतचा सगळा रस्ता जोडून दाखवला, म्हणजे शंभर वर्षांहून जुनी माहिती आहे ही, यात कुठलंही गूढ नाही. आणि हा रस्ता जातो कुठून? तर महाधमनीच्या झडपेच्या अगदी खालून. झडपेला तीन पाकळ्या असतात, त्यातल्या दोन पाकळ्यांच्या मध्ये खालच्या बाजूला पडद्यासारखा एक पातळ भाग असतो, मेम्ब्रेनस सेप्टम म्हणतात त्याला, तो फक्त काही मिलिमीटर उंचीचा, आणि त्याच्या खालच्या कडेला हिस बंडल बाहेर येतं आणि डावी फांदी सुटते. म्हणजे जिथे नवीन झडपेची धातूची जाळी घट्ट दाबून बसवायची तिथून काही मिलिमीटरवर ठोक्याची मुख्य वायर. भिंतीत खिळा ठोकताना आतून वायर कुठून गेलीय ते माहीत असूनही खिळा तिथेच ठोकावा लागावा, तसं आहे हे.

ऑपरेशनमध्ये सर्जन जुनी झडप कापून काढतो, कॅल्शियम खरवडतो, मग नवीन शिवतो. टावीत जुनी झडप काढतच नाहीत. तिला बाजूला चेपून नवीन जाळी उघडतात आणि कॅल्शियमचे खडे तसेच बाहेरच्या बाजूला दाबले जातात. ते खडे कुठे आहेत, जाळी किती खोल उतरली, जाळी जागेच्या मानाने किती मोठी घेतली, आधी फुगा फुगवला का, यावर त्या वायरला किती मार बसणार ते ठरतं. मग तिथे सूज येते, रक्त साकळतं, किंवा सरळ दाब बसतो. सूज असेल तर काही दिवसांत उतरते आणि ठोका परत जागेवर येतो. दाब कायमचा असेल तर येत नाही. आणि फुगा न फुगवता आपोआप उघडणाऱ्या ज्या जाळ्या असतात त्या निटिनॉल नावाच्या धातूच्या, शरीराच्या उष्णतेत आपला आकार घेणाऱ्या, त्या बसवल्यानंतरही बाहेरच्या बाजूला जोर लावत राहतात. टेबलावरून उतरताना ईसीजी ठीक होता म्हणजे सगळं ठीक झालं असं का धरता येत नाही, ते यावरून लक्षात येईल. आणि काही पेशंटमध्ये तर पहिले एकदोन दिवस सगळं नॉर्मल दिसून नंतर ब्लॉक येतो. (इथे ब्लॉक म्हणजे रक्तवाहिनीतला नव्हे, ठोका वाहून नेणाऱ्या रस्त्यातला.)

आकडे बघू. २०१९ च्या पार्टनर ३ ट्रायलमध्ये फुग्यावर उघडणारी झडप वापरली होती, कमी धोक्याचे साधारण हजार रुग्ण, सरासरी वय ७३ च्या आसपास. महिन्याभरात नवीन पेसमेकर लागला टावीत ६.५ टक्के लोकांना आणि ऑपरेशनमध्ये ४ टक्के लोकांना. त्याच वर्षी आपोआप उघडणाऱ्या झडपेची इव्होल्यूट लो रिस्क ट्रायल आली, तिथे १७.४ टक्के विरुद्ध ६.१ टक्के. दोन्ही ट्रायल वेगळ्या, रुग्ण वेगळे, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याशेजारी ठेवून थेट तुलना करू नये हे मान्य, पण कल बाकीच्या अभ्यासांमध्येही तोच दिसतो की आपोआप उघडणाऱ्या झडपांमध्ये पेसमेकर जास्त लागतो. नंतर डॉक्टरांनी जाळी कमी खोल बसवायची, एक्स-रेचा कोन बदलून दोन पाकळ्या एकावर एक आणून बघायची पद्धत काढली, आणि ती नीट पाळली की हे प्रमाण बरंच खाली येतं. म्हणजे हा दुष्परिणाम नशिबाचा खेळ नाही, काळजी घेतली तर कमी होतो, आणि म्हणूनच त्याचा हिशोब मागायचा आपल्याला हक्क आहे.

मग फुग्याचीच झडप सगळ्यांना का लावत नाहीत असं कोणी विचारेल. त्यालाही कारण आहे. ज्यांच्या झडपेची जागा मुळातच लहान आहे, आणि यात स्त्रिया जास्त येतात, त्यांना आपोआप उघडणारी झडप रक्त जायला जास्त मोकळी जागा देते, २०२४ च्या स्मार्ट ट्रायलमध्ये ७१६ रुग्णांमध्ये, ज्यात बहुतेक स्त्रिया होत्या, हे स्पष्ट दिसलं. तेव्हा एका बाजूला रक्ताला मोकळी वाट आणि दुसऱ्या बाजूला पेसमेकरची जास्त शक्यता अशी ही निवड आहे, आणि ती निवड कोणाची? माझ्या मते डॉक्टरने सल्ला द्यावा पण निवड पेशंटसमोर मांडली गेलीच पाहिजे. प्रत्यक्षात संमतीच्या कागदावर 'पेसमेकर लागू शकतो' अशी एक ओळ असते, स्ट्रोक, रक्तस्राव, मृत्यू यांच्या रांगेत कुठेतरी, आणि सही घेतली जाते. ती ओळ सगळ्यांना सारखीच, जणू सगळ्यांचा धोका सारखा आहे.

तो सारखा नाहीच. ज्याच्या ईसीजीत आधीपासून उजव्या फांदीचा ब्लॉक आहे त्याचा धोका सगळ्यात जास्त, इतका की बाकीची कारणं त्यापुढे फिकी पडतात. का, तर त्याचा सगळा कारभार आधीच डाव्या फांदीवर चाललेला असतो, आणि टावीत नेमकी डावी फांदीच दुखावते. दोन्ही गेल्या की वरचा ठोका खाली पोचतच नाही. हे कळायला कुठली महागडी तपासणी लागत नाही, साधा ईसीजी लागतो जो सगळ्यांचा होतोच. तसंच झडपेचं माप घ्यायला सीटी स्कॅन सगळ्यांचा होतो, त्यातच तो पातळ पडदा किती मिलिमीटर आहे आणि कॅल्शियम कुठे साचलंय हे मोजता येतं. माहिती हातात असते. ती पेशंटला सांगायची पद्धत नाही. 'तुमच्या बाबतीत शक्यता जास्त आहे, का ते असं असं' हे वाक्य बोलायला पाच मिनिटं लागतात, आणि ते ऐकलेला माणूस घरी जाऊन चक्कर आली तर अशक्तपणा म्हणून झोपून राहत नाही.

आता घरी पाठवण्याबद्दल, कारण खरा वाद इथे आहे. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज ही गोष्ट वैद्यकीय दृष्ट्या चुकीची आहे असं मी म्हणत नाही. ज्याचा ईसीजी आधी नॉर्मल होता, टेबलावर नॉर्मल राहिला, रात्रभर मॉनिटरवर नॉर्मल राहिला आणि सकाळीही तसाच आहे, त्याला नंतर ब्लॉक यायची शक्यता खूप कमी, त्याने खुशाल घरी जावं. म्हातारी माणसं हॉस्पिटलात जास्त दिवस राहिली की भ्रम होतो, इन्फेक्शन होतं, चार दिवस पलंगावर काढले की पायातली ताकद जाते आणि ती परत मिळवायला आठवडे लागतात, हे मी नाकारत नाही, उलट लवकर घरी जायच्या बाजूने हा सगळ्यात दमदार मुद्दा आहे. पण ज्याचा ईसीजी बदललाय, नवीन डाव्या फांदीचा ब्लॉक आलाय, पीआर अंतर (ठोका वरच्या कप्प्यातून खाली पोचायला लागणारा वेळ) वाढलंय, किंवा आधीच उजव्या फांदीचा ब्लॉक आहे, त्याला त्याच वेळापत्रकात बसवायचं कशासाठी? डिस्चार्जची वेळ ईसीजीने ठरवावी. दुर्दैवाने 'पेशंट किती दिवसांत घरी गेला' हा आकडाच हॉस्पिटलच्या गुणवत्तेचं माप झालाय आणि एकदा एखादा आकडा माप झाला की सगळे त्याच्या मागे धावतात.

युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या २०२१ च्या पेसिंग गाइडलाइन्समध्ये यावर बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलंय. पूर्ण किंवा मोठा ब्लॉक २४ ते ४८ तास टिकला तर कायमचा पेसमेकर. कधी डावी तर कधी उजवी फांदी असा आलटून पालटून ब्लॉक नव्याने दिसला तर पेसमेकर. आणि नवीन डाव्या फांदीचा ब्लॉक असून क्यूआरएस (ईसीजीतला खालच्या कप्प्यांच्या ठोक्याचा भाग) १५० मिलिसेकंदांपेक्षा रुंद किंवा पीआर २४० मिलिसेकंदांपेक्षा जास्त असेल आणि ४८ तासांहून जास्त काळ आणखी वाढत नसेल, तर ७ ते ३० दिवस घरी ईसीजी मॉनिटर लावायचा किंवा इलेक्ट्रोफिजिऑलॉजीची (हृदयाच्या वायरिंगची आतून) तपासणी करायची याचा विचार करावा. अमेरिकेत २०२० मध्ये तज्ज्ञांनी जो मार्ग सुचवला त्यातही नवीन ब्लॉक आलेल्यांना किमान १४ दिवस मॉनिटर सांगितलाय. म्हणजे मी काही नवीन मागत नाहीये. जे लिहिलेलं आहे ते प्रत्येक पेशंटपर्यंत पोचत नाही, आणि न पोचल्याबद्दल कोणाला जाब विचारला जात नाही, ही तक्रार आहे.

मॉनिटर न लावल्याने होणारं नुकसान लोकांना एकाच बाजूचं वाटतं, की ब्लॉक आला आणि कळलाच नाही, माणूस बाथरूममध्ये पडला. ते तर आहेच. पण दुसरी बाजू मला तितकीच महत्त्वाची वाटते. समजा तुम्ही डॉक्टर आहात, तुमच्यासमोर नवीन डाव्या फांदीचा ब्लॉक असलेला पेशंट आहे, उद्या तो घरी जाणार आणि त्यानंतर महिनाभर त्याच्या ठोक्यांबद्दल तुम्हाला काहीही कळायची सोय नाही. तुम्ही काय कराल? बरेच जण पेसमेकर घालून मोकळे होतील, आणि मी त्यांना दोषही देणार नाही, रात्री झोप तर लागली पाहिजे ना त्यांनाही. पण असे घातलेले बरेच पेसमेकर पुढे फारसे लागतच नाहीत. सूज उतरते, रस्ता परत सुरू होतो, आणि काही महिन्यांनी मशीन तपासलं तर कळतं की हृदय आपलं आपण चाललंय. म्हणजे लक्ष ठेवायची सोय नसली की दोन्हीकडून चुका होतात, ज्याला पेसमेकर हवा होता तो त्याशिवाय घरी जातो आणि ज्याला नको होता त्याच्या छातीत तो कायमचा बसतो. यासाठीच मॉनिटरला मी ऐच्छिक गोष्ट मानायला तयार नाही.

कॅनडातल्या रोडेस-काबाऊ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मारे नावाचा अभ्यास छापला, टावीनंतर नवीन डाव्या फांदीचा ब्लॉक टिकून राहिलेल्या १०३ लोकांच्या त्वचेखाली ठोके नोंदवणारं छोटं यंत्र बसवून वर्षभर बघितलं. साधारण दहातल्या एकाला पुढे पेसमेकर लागला. आता हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचा. दहातल्या एकाला लागला म्हणजे 'काही होत नाही, घरी जा' म्हणणं चूक. आणि दहातल्या नऊ जणांना लागला नाही म्हणजे सगळ्यांना आधीच पेसमेकर घालणंही चूक. तो एक कोण हे शोधायला बघत राहण्याशिवाय दुसरा रस्ता नाही.

'पेसमेकर तर लागला, त्यात काय एवढं' हे वाक्य मला फार खुपतं. ज्याला पूर्ण ब्लॉक आहे त्याच्यासाठी पेसमेकर म्हणजे जीवदान, तिथे शंकाच नाही. पण गरज नसताना किंवा टाळता येत असताना तो आला तर त्याची किंमत आहे. उजव्या कप्प्यात वायर टाकून तिथून ठोका दिला की डावा कप्पा उशिरा आणि वेडावाकडा आकुंचन पावतो, आणि सतत असं चाललं तर काही जणांचं हृदय वर्षा-दोन वर्षांत अशक्त होतं. वायर हृदयाच्या उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेतून जाते, ती झडप गळायला लागू शकते. इन्फेक्शन झालं तर सगळं काढावं लागतं, आणि जुन्या वायर काढणं हे मोठं काम आहे. बॅटरी साधारण दहा वर्षांच्या आसपास संपते, मग परत छोटं ऑपरेशन. पंच्याऐंशीच्या माणसाला यातलं बरंचसं भोगायची वेळच येत नाही. सदुसष्टच्या माणसाला येते. हल्ली डाव्या फांदीच्या जागी वायर रोवून तिथूनच ठोका द्यायची पद्धत आलीय, २०१७ मध्ये तिचं पहिलं वर्णन छापून आलं, आणि ज्यांना बराच काळ पेसिंग लागणार आहे अशांसाठी ती जास्त नैसर्गिक वाटते, पण सगळीकडे ती करणारे हात नाहीत. टावी करणाऱ्या प्रत्येक टीममध्ये ठोक्यांचा डॉक्टर, म्हणजे इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट, पहिल्या दिवसापासून असावा, प्रॉब्लेम झाल्यावर फोन करून बोलवायचा माणूस म्हणून नव्हे, असं माझं मत आहे.

आणि पेसमेकर नाही लागला तरी गोष्ट संपत नाही. पार्टनर ३ मध्येच वर्षाच्या शेवटी नवीन डाव्या फांदीचा ब्लॉक होता टावीत २३.७ टक्के आणि ऑपरेशनमध्ये ८ टक्के. म्हणजे जवळपास चारातला एक. यांची नोंद 'पेसमेकर लागला नाही, यशस्वी' अशीच होते. पण डावी फांदी गेली की डाव्या कप्प्याच्या दोन भिंती एकत्र आकुंचन पावत नाहीत, आणि काही जणांची पंपिंग ताकद झडप बदलल्यावर जितकी वाढायला हवी तितकी वाढत नाही. झडप बदलली ती हृदयाला आराम मिळावा म्हणूनच ना? मग सहा महिन्यांनी, वर्षाने त्यांचा इको आणि ईसीजी एकत्र ठेवून कोणीतरी बघायला हवं. बघतात का, तर इको बघतात, झडपेचा ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) बघतात, 'झडप छान चाललीय' म्हणतात. ईसीजीचा जुना कागद फाइलमध्ये मागे पडलेला असतो.

एट्रियल फिब्रिलेशनबद्दल मात्र टावीला श्रेय द्यावंच लागेल. वरचे कप्पे अनियमित थरथरायला लागणं हा उघड्या ऑपरेशननंतर अगदी नेहमीचा त्रास, पार्टनर ३ मध्ये महिन्याभरात ऑपरेशनवाल्या ३९.५ टक्के लोकांना तो नव्याने झाला, टावीत फक्त ५ टक्के. म्हणून कोणी 'टावीने ठोके बिघडतात, ऑपरेशनच करा' असं सरसकट सांगत असेल तर ते अर्धवट आहे. दोन्हीकडे ठोक्यांचा धोका आहे, जात वेगळी आहे.

लोक म्हणतात इतकं सगळं आधी सांगितलं तर पेशंट घाबरेल आणि प्रोसिजरच नको म्हणेल. मला हे पटत नाही. घाबरवतं ते अर्धवट सांगणं. 'तुमच्यासारख्या ईसीजीच्या लोकांमध्ये पेसमेकर जास्त वेळा लागतो, म्हणून आपण दोन दिवस जास्त ठेवू, घरी जाताना छातीवर ठोके नोंदवणारी मॉनिटरची पट्टी लावू, आणि चक्कर आली तर या नंबरवर लगेच फोन' हे ऐकून माणूस शांत होतो, कारण कोणीतरी पुढचा विचार केलाय हे त्याला दिसतं. त्याउलट काही न सांगता घरी पाठवलेल्या माणसाला आठव्या दिवशी डोळ्यापुढे अंधारी आली तर तो म्हणतो ऑपरेशनचा थकवा असेल, घरातले म्हणतात जेवण कमी झालंय, शेजारचे म्हणतात शुगर बघा. त्यात कोणाचीच चूक नसते. आणि कधी कधी ठोके मंद करणाऱ्या जुन्या गोळ्या तशाच चालू असतात, ज्या टावीनंतर ईसीजी बघून परत तपासायला हव्या होत्या, ही तर डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीने सुटणारी गोष्ट.

दुसरा आक्षेप खर्चाचा, की सगळ्यांना मॉनिटर लावला तर पैसा कुठून आणायचा. सगळ्यांना लावा असं मी म्हणतच नाहीये, ज्यांचा ईसीजी बदललाय त्यांना लावा. आणि झडप, कॅथलॅब, सीटी, तज्ज्ञांची टीम यांचा खर्च धरलेला असताना दोन ते चार आठवड्यांची पट्टी त्या पॅकेजमध्ये का बसत नाही? ती बाहेर ठेवली की ज्याला परवडते तो लावतो, बाकीचे नुसते घरी जातात. विमा देणाऱ्यांनी आणि सरकारी योजनांनी झडपेचे पैसे मंजूर करतानाच या देखरेखीचे पैसे त्यात धरावेत, वेगळा अर्ज करायला लावू नये.

आकड्यांच्या हिशोबाबद्दल एक गोष्ट राहिली. ३० दिवसांतला पेसमेकर हा आकडा सगळीकडे वापरतात, आणि तो कमी दिसावा असं प्रत्येक सेंटरला वाटणारच. पण पस्तिसाव्या दिवशी दुसऱ्याच हॉस्पिटलमध्ये लागलेला पेसमेकर त्यात येत नाही, घरी बेशुद्ध पडून हाड मोडलेला माणूस येत नाही, टिकून राहिलेला डाव्या फांदीचा ब्लॉक येत नाही, आणि काही महिन्यांनी ज्याची गरज नव्हती असं कळलं तो पेसमेकरही वेगळा मोजला जात नाही. निदान वर्षभराचा हिशोब ठेवा, त्यात ही चारही खाती वेगवेगळी दाखवा, आणि ते आकडे झडपेच्या प्रकारानुसार लोकांना बघता येतील असे ठेवा. पेशंटच्या हातात प्रोसिजरच्या आधीचा आणि घरी जातानाचा असे दोन ईसीजी द्या, कारण रात्री कुठल्याही दवाखान्यात पोचला तरी तिथल्या डॉक्टरला हा ब्लॉक नवीन की जुना हे कळायला तेच दोन कागद लागतात.

आणि मॉनिटर लावला म्हणून काम झालं असंही समजू नका, यात एक मोठी गोची आहे. काही पट्ट्या फक्त नोंद करतात, दोन आठवड्यांनी काढून पाठवायच्या आणि मग कोणीतरी वाचणार. म्हणजे चौथ्या दिवशी सहा सेकंद ठोका थांबला होता हे विसाव्या दिवशी कळणार. काही पट्ट्या तिथल्या तिथे सिग्नल पाठवतात. टावीनंतर नवीन ब्लॉक असलेल्या माणसाला दुसऱ्या प्रकारचीच हवी, आणि तो सिग्नल रात्री दोन वाजता आला तर कोणाच्या फोनवर येणार, तो माणूस पेशंटच्या घरी फोन करणार की सकाळची वाट बघणार, जवळच्या कुठल्या हॉस्पिटलमध्ये तात्पुरता पेसमेकर टाकायची सोय आहे, हे सगळं नाव-नंबरासकट डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असल्याशिवाय अशा पेशंटला घरी सोडू नये.